बधिर पाय आणि तोल
(कुंडल येथे हितचिंतक व आरोग्यरक्षकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



कुंडल हे पूर्वीच्या औंध संस्थानातलं गाव. इथल्या जुन्या मंडळींना सूर्यनमस्कार शिकवायला नकोत. भवानराव पंतप्रतिनिधींनी ते शाळाशाळांत नेले. म्हणूनच आधी सांगतो : जुना मधुमेह असून तळपाय बधिर झालेत, त्यांनी तोलासाठी सुरुवात सूर्यनमस्कारांनी करू नये. वाकून एकदम उठताना काहींचा रक्तदाब घसरतो. डोळ्याच्या पडद्याला मधुमेहाची इजा असेल, तर डोकं खाली नेणंही धोक्याचं.

तोल राखतात तिघं : डोळे, आतला कान आणि पायांकडून मेंदूला जाणारी खबर. साखर वर्षानुवर्षं चढलेली राहिली की सर्वांत लांबच्या नसा आधी बिघडतात, म्हणून बधिरपणा पायाच्या बोटांपासून वर चढतो. गादीवर चालल्यासारखं वाटतं, चप्पल कधी निसटली ते कळत नाही. दिवसा डोळे सांभाळून घेतात. रात्री लाईट गेली, किंवा मोरीत तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले, की म्हातारा माणूस पडतो. खुब्याचं हाड मोडलं तर अंथरूण धरतो. पाड्यावरून तर रस्त्यापर्यंतच झोळीतून न्यावं लागतं.

तपासणीला यंत्र नको. माणसाला डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकाला आपलं बोट हलकेच टेकवा, एक-दोन सेकंद. दाबू नका, चोळू नका. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर त्या पायांची जाणीव कमी झाली असं समजा आणि डॉक्टरांकडे पाठवा.

आता व्यायाम. घरात ओटा असेल तर ओटा, नाहीतर मेढ धरा. पाड्यावरच्या घराची मेढ काही हलत नाही! मागे टेकायला पक्की खुर्ची किंवा खाट ठेवा आणि सुरुवातीला कुणीतरी जवळ असू द्या. पावलं जुळवून दहा सेकंद उभं राहायचं. जमलं की एक पाऊल अर्धं पुढे, मग टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना लावून. एका पायावर उभं राहणं सगळ्यांत शेवटी, तेही हात न सोडता. आधार धरून टाचा दहा वेळा उचला. खाटेवरून हाताचा टेकू न घेता उठा-बसा. नाही जमलं तर टेकू घ्या, लाजू नका. दहा-पंधरा मिनिटं, पण बहुतेक रोज. मेलेली जाणीव याने परत येईल असं मी म्हणणार नाही. घोटा, मांडी, कंबर मात्र बळकट होतात, आणि पाय घसरला तर सावरायला वेळ मिळतो.

उपाशीपोटी करू नका, विशेषतः इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर. घाम सुटला, थरथर झाली की थांबा आणि साखर खा. अनवाणी नको, गुळगुळीत स्लीपर नको. मागे पट्टा असलेली चप्पल बरी. आधी आणि नंतर तळवे पाहा, वाकवत नसेल तर आरशात किंवा नातवाला दाखवून. काटा मोडलेला असतो आणि पत्ता नसतो. जखम किंवा फोड दिसला, तर उभ्याने व्यायाम बंद; आधी दवाखाना.

पुरे झालं बोलणं. आरोग्यरक्षकांनी दोघादोघांच्या जोड्या करा, एकाने डोळे मिटा, दुसऱ्याने त्याची बोटं तपासा. चपला काढा.