काम मागण्याचा हक्क



आई तुळजाभवानीच्या धाराशिव जिल्ह्यात आपलं मनापासून स्वागत. स्वामी रामानंद तीर्थ ज्या राष्ट्रीय शाळेत शिकवत, ते हिप्परगा याच जिल्ह्यातलं. निजामाशी लढा उभारण्यापूर्वी स्वामीजींनी ना. म. जोशींबरोबर कामगार चळवळीत काम केलं होतं.

या परिषदेचा विषय असलेला लोकशाही समाजवाद म्हटलं की आधी स्वीडनचं नाव निघतं. निघू दे. पण 1972च्या दुष्काळात खडी फोडून दिवस काढलेली माणसं आजही आपल्या गावांत आहेत. हजेरीपटावर नाव लागलं की मजुरी, पोटाला सुकडी. वि. स. पागे यांनी 1965मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापूर भागात केलेला रोजगार हमीचा प्रयोग त्या संकटात राज्यभर पोचला आणि 1977च्या कायद्याने काम मागणं हा हक्क झाला. पैसा कुठून आला? 1975च्या कायद्याने नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला. मुंबईच्या कारकुनाने भूम-परंड्याच्या मजुराचा भार उचलला, तोही कायद्याने. काम मागताना मजुराची मान खाली जाऊ नये म्हणून. लोकशाही समाजवादाच्या विचाराचं सगळं मोल मला इथे दिसतं.

तरीही दिवाळीच्या सुमारास कळंब-वाशीकडून ऊसतोडीला ट्रॅक्टर भरून निघतात. भांडी, सरपण, शेळ्या, लेकरं. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल नवऱ्याच्या हाती, बाईच्या कष्टाचा वेगळा हिशेबच नाही. मालक कोण म्हणाल, तर कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो. हमालांचीही हीच अडचण होती: टोळी एक, मालक अनेक. अण्णासाहेब पाटील, बाबा आढाव यांनी हमाल-माथाडींसाठी आयुष्य वेचलं. 1969च्या माथाडी कायद्याने वाट काढली. मालाच्या धन्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही माथाडी मंडळात भरायची. त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, दवाखाना. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याणकारी महामंडळ आहे, पण तोडणीची मजुरी त्याच्यामार्फत जात नाही. तीही माथाडींसारख्या मंडळातून, बाईच्या नावावर वेगळी जमा व्हावी, असा ठराव या परिषदेने करावा ही माझी आग्रहाची मागणी आहे.

दुपारच्या सत्रात ऊसतोडीला जाणाऱ्या बहिणी बोलणार आहेत. अध्यक्षमहाराज, आम्हा भाषणवाल्यांच्या आधी त्यांना वेळ द्यावा, ही विनंती.