पावसाच्या यादीतले शून्य



आपल्या देशात पाऊस सकाळी साडेआठला मोजतात. समजा, शाळेतल्या मुलांनी जून ते सप्टेंबर रोजचा आकडा संगणकात एकाखाली एक लिहून ठेवला. दिवस 122, ओळी 122. ही झाली फाईल. आता ती वाचून गावाला वेबपानावर दाखवायची आहे. हे काम पीएचपी नावाची भाषा करते. रासमुस लेरडॉर्फ यांनी ती 1995 साली लोकांपुढे ठेवली.

वाचण्याची रीत आपल्या वहीसारखीच. प्रथम फाईल उघडायची. त्या आज्ञेचे नाव 'एफओपन'. उघडताना कशासाठी, हे एका अक्षराने सांगावे लागते. 'आर' म्हणजे फक्त वाचायला. चुकून 'डब्ल्यू' लिहिले तर मात्र ते लिहिण्यासाठी उघडणे होते, आणि आधीचा सारा मजकूर तत्क्षणी पुसला जातो. चार महिन्यांची मेहनत एका अक्षरापायी जाते, म्हणून नक्कल आधी काढून ठेवावी, बरं का!

मग 'एफगेट्स' ही आज्ञा एकेक ओळ आणून देते. ओळी संपल्या की ती 'नाही' असे उत्तर देते. शेवटी 'एफक्लोज'ने फाईल मिटायची.

आता खरी मेख ऐका. पुष्कळ जण सांगतात, "ओळ मिळते आहे तोवर वाचत राहा." ऐकायला ठीक वाटते. पण पीएचपीच्या लेखी नुसते शून्य म्हणजेही 'नाही'च! मधल्या शून्यापुढे ओळ संपल्याची अदृश्य खूण असते, म्हणून ते निभावते. शेवटच्या ओळीपुढे ती खूण राहून गेली आणि 30 सप्टेंबरचा पाऊस शून्य असला, तर यंत्र तेथेच थांबते आणि 121 दिवस सांगते. पावसाची बेरीज तीच राहते, पण कोरडा दिवस एक कमी होतो. आपल्या यवतमाळच्या कोरडवाहू मुलखात कपाशी-तुरीला ताण किती दिवस पडला, हे कोरड्या दिवसांवरूनच कळायचे. 'पाऊस नाही' आणि 'नोंद नाही' यांत फरक आहे की नाही?

उपाय सोपा आहे. आलेली ओळ 'फॉल्स' या शब्दाशी ताडून पाहावी, आणि ताडताना उद्गारचिन्हापुढे बरोबरची दोन चिन्हे द्यावीत. मग शून्य हे शून्यच राहते.

आणखी एक गोष्ट. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-8 पद्धतीत 'वणी' हा शब्द नऊ बाइट जागा घेतो. म्हणून मराठी नावे बाइट मोजून तोडू नयेत; अक्षर मध्येच चिरले जाते.

गुरुजनहो, मुलांकडून आधी हाताने ओळी मोजून घ्या, मग यंत्राला विचारा. दोन्ही आकडे जुळले, तरच ते पान गावापुढे ठेवा.