स्लॅब पडण्याआधी



एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातुरात आली, ते दिवस इथं कुणीच विसरलेलं नाही. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. आज मला प्रयोगशाळांच्या बांधकामाविषयी बोलायचं आहे, आणि तेही पाण्यापासूनच सुरू करावं लागतं.

अंगावर आम्ल सांडलं तर पहिला इलाज एकच : लगेच, भरपूर आणि निदान पंधरा मिनिटं पाणी. आपत्कालीन शॉवरसाठी मिनिटाला सुमारे 75 लिटर धरतात. म्हणजे अकराशे लिटरच्या वर. गच्चीवर पाचशे लिटरची टाकी असेल, तर ती सात मिनिटांच्या आत कोरडी. शिवाय लातूरच्या मे महिन्यात काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी भाजलेल्या कातडीवर सोसवणार नाही, डोळ्यांत तर नाहीच. म्हणून ही टाकी स्वतंत्र हवी, सावलीत हवी आणि तिचं पाणी इतर नळांना जाता कामा नये. बोअरच्या जड पाण्याचे क्षार डोळे धुण्याच्या फवाऱ्यात बसतात, तेव्हा तो दर आठवड्याला सोडून पाहायला हवा. पण खाली मोरीच काढलेली नसते. फरशी ओली होते म्हणून कुणी फवारा सोडत नाही, आणि नेमका गरजेच्या दिवशी तो चोंदलेला निघतो.

यातलं काहीही फार खर्चाचं नाही. फक्त ते स्लॅब पडण्याआधी ठरावं लागतं. आपल्याकडे आधी नकाशा, मग निविदा, मग उद्घाटन, आणि शेवटी भिंतीवर लाल अग्निशामक टांगला की सुरक्षिततेचं काम झालं असं समजतात. हे मला मान्य नाही.

घातक वाफा ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडचंच घ्या. त्याच्या तोंडाशी हवा सेकंदाला सुमारे अर्धा मीटर वेगानं आत ओढली जाते. एवढा मंद ओढा मोडायला छताचा पंखा पुरतो. पारा बेचाळीसवर असताना मुलांना पंखा बंद करा म्हणता येत नाही. मग हूड पंख्यापासून आणि दारापासून दूर हवा, आणि ती जागा नकाशावरच मुक्रर व्हायला हवी.

किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे चारच्या सुमारास झाला. तेव्हाच्या भूकंपविषयक नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. 2002 मध्ये तो तिसऱ्या विभागात गेला. तोच धक्का सकाळी अकराला, प्रात्यक्षिक चालू असताना बसला असता, तर उघड्या फळ्यांवर शेजारी शेजारी ठेवलेल्या नायट्रिक आम्लाच्या आणि स्पिरिटच्या बाटल्या मुलांच्या पायाशी एकत्र फुटल्या असत्या. फळीच्या कडेला दोन बोटं उंचीची पट्टी, सिलिंडरला साखळी, आम्लं खालच्या कप्प्यात आणि स्पिरिट वेगळ्या कपाटात : सुताराचं थोडंसं काम आहे हे.

दुर्घटना मोठ्या संस्थांनाही चुकत नाहीत. 29 डिसेंबर 2009 रोजी ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात प्रयोगशाळेला आग लागून दोन तरुण संशोधक गेले.

हे सगळं सांगणारा जाणकार नांदेड-लातूरला कुठून आणायचा, असं संस्थाचालक विचारतात. लांब जायला नको. लातूर ही सोयाबीनची मोठी बाजारपेठ. तेल काढणाऱ्या सॉल्व्हंट कारखान्यांत हेक्झेनचा रोजचा राबता. हेक्झेनची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरपटत ठिणगीपर्यंत पोचते, हे तिथल्या सुरक्षा अधिकाऱ्याला पाठ असतं. तेच हेक्झेन कॉलेजच्या कपाटातही असतं. दुसरा जाणकार म्हणजे तुमचा लॅब असिस्टंट. कुठल्या बेसिनमध्ये पाणी तुंबतं, कुठल्या दाराशी मुलं गर्दी करतात, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं, आणि आर्किटेक्टसमोर त्याला मात्र कुणी बसवत नाही. भारतीय मानक ब्यूरोचं आयएस 4209 हे मानक खास रासायनिक प्रयोगशाळांच्या सुरक्षिततेसाठी आहे. निविदेत त्याची एक ओळ घालायला काहीच लागत नाही.

समोर संस्थांचे पदाधिकारी आणि प्राचार्य बसले आहेत. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे : पुढच्या विज्ञान इमारतीच्या पहिल्या बैठकीला या दोघांना बोलवा, आणि नकाशावर त्यांची सही झाल्याशिवाय निविदा काढू नका.