निर्वासित कोणाला म्हणायचं?



आज एका शब्दाबद्दल बोलू या. शब्द आहे ‘निर्वासित’. आपल्याकडे तो फार सैलपणे वापरला जातो. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांमध्ये राहिली, त्या वस्तीचं पुढे उल्हासनगर झालं. तिथल्या लोकांना आपल्या आज्या-आजोबांनी निर्वासितच म्हटलं. कोयना धरणात ज्यांची गावं बुडाली त्यांनाही कुणी निर्वासित म्हणतं. पाऊस नाही म्हणून बिऱ्हाड बांधून शहराच्या पुलाखाली येऊन राहिलेल्यांनाही म्हणतं. घर सुटलं की निर्वासित, असा आपला साधा हिशेब.

आंतरराष्ट्रीय कायद्याचा हिशेब मात्र वेगळा आहे. तिथे या शब्दाला ठरावीक अर्थ आहे आणि त्या अर्थावर माणसाचं आयुष्य टांगलेलं असतं. अर्थात बसलात तर तुम्हाला परत पाठवता येत नाही. नाही बसलात तर परतीच्या विमानात बसवलं जाऊ शकतं. म्हणून हा अर्थ नीट समजून घेऊ. त्यातही बाईचं काय होतं, हे आम्हाला आज मुद्दाम सांगायचं आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर, २८ जुलै १९५१ रोजी जिनिव्हा इथे निर्वासितांविषयीचा करार मंजूर झाला. सुरुवातीला तो १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांमुळे देश सोडलेल्यांपुरता होता. १९६७ मध्ये त्याला जोडकरार झाला आणि ती तारखेची अट गेली. या करारातली व्याख्या लांबलचक आहे. आम्ही तिचे चार प्रश्न केले आहेत.

पहिला प्रश्न : ही व्यक्ती आपल्या देशाच्या बाहेर आहे का? सीमा ओलांडलेली असली पाहिजे. २०२४ च्या अखेरीस जगात १२ कोटी ३२ लाख माणसं जबरदस्तीने घराबाहेर पडलेली होती, असं संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचा अहवाल सांगतो. त्यांतली ७ कोटी ३५ लाख आपापल्या देशातच होती. त्यांना ‘देशांतर्गत विस्थापित’ म्हणतात. त्यांचे हाल कमी नसतात, पण या व्याख्येत ती बसत नाहीत. आपले धरणग्रस्तही बसत नाहीत. त्यांनी हक्क मागायचा तो आपल्याच सरकारकडे.

दुसरा प्रश्न : परत गेल्यास छळ होईल अशी रास्त भीती आहे का? छळ म्हणजे जीव जाणं, तुरुंगात डांबलं जाणं, मारहाण, अत्याचार अशी गंभीर इजा. भीती मनात तर हवीच, शिवाय तिला बाहेरच्या परिस्थितीचा आधारही हवा. छळ होऊन गेलेलाच असला पाहिजे असं मात्र नाही. आग लागायच्या आधी घराबाहेर पडलेला माणूसही यात धरला जातो.

तिसरा प्रश्न : तो छळ कशामुळे होतो? इथे कायद्याने पाच कारणं मोजून दिली आहेत. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत आणि ‘विशिष्ट सामाजिक गटाचं सदस्यत्व’. गरिबी यात नाही, दुष्काळ नाही, पूर नाही. नुसतं युद्ध चालू आहे एवढंही पुरत नाही. आफ्रिकेतल्या देशांनी १९६९ मध्ये स्वतंत्र करार करून युद्ध आणि मोठी अशांतता यांमुळे पळणाऱ्यांनाही निर्वासित मानलं. लॅटिन अमेरिकेतही १९८४ च्या कार्ताहेना जाहीरनाम्याने असाच विस्तार केला.

चौथा प्रश्न : स्वतःचं सरकार संरक्षण देईल का? ते देऊ शकत नसेल किंवा देत नसेल, तरच दुसऱ्या देशाने दार उघडायचं. आपल्याच देशातल्या दुसऱ्या एखाद्या भागात ती व्यक्ती सुरक्षित राहू शकते का, हेही पाहिलं जातं.

चारही उत्तरं जुळली की निर्वासित. आणखी एक अट अशी, की ज्यांनी स्वतः युद्धगुन्हे किंवा तसलेच गंभीर गुन्हे केले आहेत, त्यांना ही सावली मिळत नाही.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे पुन्हा वळू. पाच कारणं ऐकलीत? त्यांत ‘बाई असणं’ हे कारण नाही. हे नुसतं विसरून राहिलेलं नव्हतं. १९५१ च्या त्या परिषदेत युगोस्लाव्हियाच्या प्रतिनिधीने भेदभावाविरुद्धच्या कलमात लिंगाचा उल्लेख घाला, असं सुचवलं होतं. ते मान्य झालं नाही. स्त्री-पुरुष समानता हा ज्या त्या देशाच्या कायद्याचा विषय आहे, असं म्हटलं गेलं. बाई आहे म्हणून कुणाचा छळ होईल अशी उदाहरणं असतील का, याचीच निर्वासितांच्या तेव्हाच्या उच्चायुक्तांना शंका वाटली.

मैत्रिणींनो, आपल्याला ही शंका कधी आली असती का?

त्यामुळे पुढची कित्येक वर्षं निर्वासित म्हटलं की डोळ्यांसमोर पुरुष असायचा. भाषण केलं म्हणून तुरुंगात गेलेला, पत्रक वाटलं म्हणून पळालेला. बाईला नवऱ्याने मारलं, बिरादरीने वाळीत टाकलं, बापाने जबरदस्तीने लग्न लावलं, तर तो ‘घरातला मामला’. कायद्याने त्याला छळ म्हणायचं की नाही, हाच प्रश्न होता.

यातून वाट निघाली ती पाचव्या कारणातून. ‘विशिष्ट सामाजिक गट’ हे शब्द स्वीडनच्या प्रतिनिधीच्या सूचनेवरून अगदी शेवटी घातले गेले होते. त्यांचा अर्थ कुणी बारकाईने सांगितलेला नव्हता. त्याच फटीतून पुढे बायकांनी पाय आत टाकला.

ब्रिटनमधला एक खटला सांगतो. पाकिस्तानातल्या दोन बायका. एक शाळेत शिक्षिका होती. शाळेत दोन राजकीय गटांच्या मुलांची मारामारी झाली, ती सोडवायला ती मध्ये पडली. एका गटाने चिडून तिच्या चारित्र्यावर आळ घेतला. नवऱ्याने त्यावर विश्वास ठेवला, तिला मारलं आणि घराबाहेर काढलं. दुसरीला नवऱ्याने हाकललं तेव्हा ती गरोदर होती, मूल इंग्लंडमध्ये झालं. परत गेलं तर व्यभिचाराचा आरोप येईल ही दोघींची भीती होती. १९७९ पासून पाकिस्तानात या आरोपाला फटक्यांची, दगडांनी ठेचून मारण्याचीही शिक्षा कायद्यात होती.

अधिकारी म्हणाले, हे नवऱ्यांचं वैर आहे, कराराचा यात काय संबंध? मार्च १९९९ मध्ये ब्रिटनचं तेव्हाचं सर्वोच्च न्यायपीठ, हाउस ऑफ लॉर्ड्स, याने निकाल दिला, की संबंध आहे. एका न्यायाधीशांनी दाखला दिला तो असा : समजा, नाझी जर्मनीत एका ज्यू दुकानदाराचं दुकान धंद्यातल्या प्रतिस्पर्ध्यांनी फोडलं. त्यांचा हेतू धंद्याचा. पण त्यांना ठाऊक आहे, की हा ज्यू असल्यामुळे पोलीस त्याच्या मदतीला येणार नाहीत. मग तो छळ ज्यू असण्यामुळेच झाला ना? तसंच इथे. नवऱ्याचा राग खासगी असेल, पण ती बाई आहे म्हणून सरकार तिच्या पाठीशी उभं राहत नाही. मारणारा हात आणि तोंड फिरवणारं सरकार, दोन्ही मिळून छळ होतो. म्हणून त्या देशातल्या बायका हाच एक ‘सामाजिक गट’ ठरला.

त्याआधी, १९९६ मध्ये, अमेरिकेत अशीच एक वाट मोकळी झाली होती. आफ्रिकेतल्या टोगो देशातल्या सतरा वर्षांच्या मुलीचे वडील वारले आणि घरच्यांनी तिचं लग्न एका प्रौढ माणसाशी ठरवलं. त्याला आधीच्या बायका होत्या. लग्नाआधी तिची सुंता होणार होती. ती पळाली, दुसऱ्याच्या पासपोर्टवर अमेरिकेत उतरली आणि वर्षाहून जास्त काळ कोठडीत राहिली. अखेर तिथल्या अपील मंडळाने तिला आश्रय दिला. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. जीव वाचवायला थेट आलेली व्यक्ती विनापरवाना आली, एवढ्यासाठी तिला शिक्षा करू नये, असं १९५१ चा करारच सांगतो. मात्र तिने उशीर न करता अधिकाऱ्यांसमोर यावं आणि कारण सांगावं.

पण वाट मोकळी झाली म्हणजे रस्ता सरळ झाला, असं नाही. नवऱ्याच्या मारहाणीतून पळून आलेल्या बायकांबाबत अमेरिकेत २०१४ मध्ये एक निर्णय झाला, २०१८ मध्ये तो उलटवला गेला, २०२१ मध्ये तो उलटवणाराही मागे घेतला गेला. म्हणजे तीच कहाणी, पण ती कोणत्या वर्षी सांगितली यावर नशीब.

दुसरी अडचण सांगण्याची. कुटुंब सीमेवर येतं तेव्हा अर्ज बहुतेकदा नवऱ्याच्या नावे होतो, बायको त्याच्या कागदावरची एक ओळ होते. तिच्यावर अत्याचार झाला असेल तर नवऱ्यासमोर, परक्या पुरुष दुभाष्यासमोर ती तोंड कसं उघडेल? म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने २००२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. बाईची मुलाखत वेगळी घ्यावी, तिला स्वतंत्र अर्ज करता येतो हे तिला सांगावं, मुलाखत घेणारी आणि दुभाषी बाईच असावी. आपल्याकडे तक्रार लिहून घ्यायला महिला पोलीस का हवी, हे जसं आपल्याला कळतं, तसंच हे.

४ ऑक्टोबर २०२४ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने मोठं पाऊल टाकलं. ऑस्ट्रियात आश्रय मागणाऱ्या दोन अफगाण महिलांच्या खटल्यात ते म्हणालं, की तालिबानने बायकांवर लादलेली बंधनं एकत्र पाहिली तर तो छळच आहे. शिक्षण बंद, नोकरी बंद, चेहरा झाका. अशा वेळी ‘तुला स्वतःला नेमका काय धोका आहे’ हे प्रत्येकीने वेगळं सिद्ध करण्याची गरज नाही. ती बाई आहे आणि अफगाण आहे, एवढं पुरे धरता येईल. १९५१ मध्ये जी शंका घेतली गेली, तिला हे त्र्याहत्तर वर्षांनी मिळालेलं उत्तर.

आणि आपला देश? भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही, १९६७ च्या जोडकरारावरही नाही. निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. तरी माणसं आपल्याकडे आली आणि राहिली. कोल्हापूरजवळ वळिवडे इथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश लोकांची छावणी होती, त्यांत बायका-मुलंच जास्त. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात तिबेटी लोकांची वसाहत १९७२ पासून आहे. १९९६ मध्ये चकमा लोकांच्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की जीविताचा हक्क देणारं घटनेचं एकविसावं कलम नागरिक नसलेल्यांनाही लागू आहे.

शेवटी एक लक्षात ठेवा. ओळखपत्र मिळालं म्हणून कुणी निर्वासित होत नाही. ती व्यक्ती आधीच निर्वासित असते, म्हणून तिला ओळखपत्र द्यावं लागतं. यापुढे बातम्यांमध्ये हा शब्द कानावर आला की आपले चार प्रश्न आठवा. बाईची गोष्ट असेल तर चौथा आधी विचारा : तिच्यावर हात उगारला गेला तेव्हा तिचं सरकार कुठे होतं? ‘घरातला मामला’ असं म्हणून ते दाराबाहेर थांबलं असेल, तर तिची गोष्ट नीट ऐकून घ्यायला हवी.

पुन्हा भेटू. नमस्कार.