काट्यावरचे वजन आणि ताटातले धान्य

(चिंचणी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



लठ्ठपणा आणि मधुमेह हे सुखवस्तूंचे आजार, आपला लढा उपासमारीशी, अशी विभागणी चळवळीत दीर्घकाळ गृहीत धरली गेली. पालघरच्या भूमीत ती स्वाभाविकही होती. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत झालेले बालमृत्यू कोण विसरेल? परंतु २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सुमारे २१ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा कमी वजनाच्या आढळल्या आणि सुमारे २३ टक्के अधिक वजनाच्या. हे दोन समाज नव्हेत. पुष्कळदा एकाच वस्तीतल्या दोन पिढ्या आहेत.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. या हडकुळ्या बाळांचे स्नायू खुरटले होते, चरबी मात्र त्या मानाने फारशी घटली नव्हती. असे शरीर पुढे बैठ्या कामाला आणि पिठूळ, तेलकट, गोड अन्नाला सामोरे गेले की मधुमेहाकडे लवकर झुकते. तेव्हा आईची उपासमार आणि मुलाचा मधुमेह हे एकाच अन्यायाचे दोन हप्ते ठरतात. माणूस सडपातळ दिसतो, म्हणून तो सुरक्षित नाही.

आता आपल्या परिसराकडे पाहा. १९६९ साली तारापूरचे अणुवीजकेंद्र सुरू झाले, पुढे बोईसरची औद्योगिक वसाहत वाढली, आणि शेतावर वा होडीवर राबणारे हात यंत्रापुढे उभे राहिले. नाचणीची भाकरी, सुकट-बोंबील, पावसाळ्यातल्या रानभाज्या यांच्या जागी पॉलिशचा भात, वडापाव आणि साखरेचा चहा आला. जुन्या आहाराचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्यात अर्धपोटी महिनेही होते. पण रात्रपाळी संपवून पहाटे खोलीवर परतणाऱ्या कंत्राटी कामगाराला ‘सकाळी फिरायला जा, सॅलड खा’ असे सांगणे ही क्रूर थट्टा आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने उपाहारगृहाची तरतूद केली ती २५० हून अधिक कामगारांच्या कारखान्यांसाठी. लहान कारखान्यांतला कामगार गाडीवरच्या तळणावर सोडला गेला. स्वस्तात पोट भरणारे तेवढेच त्याच्या हाताशी असते. त्याला आवडनिवड म्हणायचे असेल, तर म्हणा.

शासनाचे धोरणही तपासले पाहिजे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य १ रुपया किलोने देण्याची तरतूद होती. त्यात तांदळाचा दर ३ रुपये होता. तरीही रेशनच्या पिशवीत प्रामुख्याने तांदूळ आणि गहूच येत राहिले. २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, नाचणीचे बिस्कीट शहरातल्या दुकानात महाग झाले. डोंगरात नाचणी पिकवणाऱ्याला त्यातून काय मिळाले, हा प्रश्न विधिमंडळात आणि रस्त्यावरही विचारावा लागेल.

आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देणारी अमृत आहार योजना २०१५ पासून आहे. तिची थाळी प्रत्यक्षात कशी भरते, हे पाहण्याचे काम आपल्या महिला कार्यकर्त्यांनी अंगणवाडीताईंना सोबत घेऊन करावे. अंगणवाडीत बाळाचे वजन होते. त्याच दिवशी, त्याच वस्तीत, बापाच्या रक्तातील साखर आणि कमरेचा घेर का मोजू नये? प्राथमिक आरोग्य केंद्राकडे ही मागणी पुढच्या महिन्यात लेखी न्यावी. कामगार संघटनांनी मागणीपत्रात बोनसच्या जोडीला जेवणाची सुटी आणि स्वस्त, सकस थाळी घालावी.