मोशेच्या सोबतीला अहरोन

आज शिक्षणशास्त्राची पदवी घेऊन तुमच्यापैकी अनेकजण पेण आणि रोहा तालुक्यांतल्या शाळांत शिकवायला उभे राहाल. ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगणारे, पण तीच धड्यात वाचताना जोडाक्षरापाशी अडखळणारे मूल तिथे तुम्हाला भेटेल. फळ्यावरचे उतरवून घेताना त्याच्या वेलांट्या जागा सोडतील, बेरीज समजूनही आकडे उलटे पडतील. अशा मुलाला ‘ढ’ म्हणून आपण मोकळे होतो. वास्तविक, बुद्धी चांगली असूनही वाचता न येणाऱ्या मुलाची नोंद इंग्लंडमधले डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ मध्येच केली होती. आपल्याकडच्या १९९५ च्या अपंगत्वविषयक कायद्यात मात्र या अडचणीला, म्हणजे अध्ययन अक्षमतेला, स्थान नव्हते. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाच्या २१ प्रकारांत तिचा समावेश केला. या मुलांना परीक्षेत मिळणारी सवलत ही दया नव्हे, तो न्याय आहे, हे मला आज सांगायचे आहे. आणि ते मी माझ्या ख्रिस्ती श्रद्धेच्या आधाराने सांगतो आहे.

बायबलमधल्या ‘निर्गम’ या पुस्तकात देव मोशेला इजिप्तचा राजा फारो याच्यापुढे जायला सांगतो, तेव्हा आपली जीभ जड आहे, असे मोशे म्हणतो. देव त्याची जीभ मोकळी करत नाही आणि जबाबदारीही काढून घेत नाही. बोलण्यासाठी भाऊ अहरोन सोबत देतो. नेतृत्व मोशेकडेच राहते. परीक्षेतल्या लेखनिकामागचे तत्त्व हेच आहे. उत्तर विद्यार्थ्याचे, हात दुसऱ्याचा. महाराष्ट्रात दहावीच्या परीक्षेला लेखनिक, वाढीव वेळ अशा सवलती १९९० च्या दशकापासून मिळू लागल्या. ‘मग हा बाकीच्या मुलांवर अन्याय नाही का?’ असे पालक विचारतात, आणि तो प्रश्न प्रामाणिक आहे. इतिहासाच्या पेपरात घटनांची कारणे समजली का, हे तपासायचे असते. लिहिण्याचा वेग हा त्या समजेचा भाग नाही. जिथे वेगच मोजायचा असेल, तिथे वेगळा विचार करावा लागेल. कोणी सवलतीचा गैरफायदा घेत असेल, तर तपासणी काटेकोर करावी. गरजू मुलाचा हक्क काढून घेऊ नये.

श्रद्धावंतांकडूनही आक्षेप येतो : प्रार्थनेने मूल बरे होईल, मग विशेष शिक्षक कशाला? योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे, त्याचे की आईबापांचे? येशू दोन्ही नाकारतो. पुढे त्या माणसाला दृष्टी मिळते हे खरे. पण त्याआधी दोष शोधणे थांबते. प्रार्थना आईबापांना बळ देते. अक्षर शिकवण्याचे काम शिक्षकाचेच राहते. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, फारसे न शिकलेल्या बायकांनाही कळावे म्हणून, बायबल सोप्या मराठीत आणले. वाचणारीला दोष न देता त्यांनी मजकूर तिच्यापर्यंत नेला. ‘सर्वांच्या शाळेत एका धर्माची भाषा कशाला?’ असेही कोणी म्हणेल. शाळेत धर्म शिकवावा, असे माझे म्हणणे नाही. पण याच पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी कुराणाप्रमाणेच ख्रिस्ताच्या शिकवणुकीचेही सार काढले. दुसऱ्याच्या धर्मातले चांगले आपले मानण्याची ही रीत तुम्हाला परकी नाही.

मात्र शिक्का मारण्याची घाई करू नका. कातकरी वाडीवरचे मूल पहिलीत अडखळले, तर घरची बोली आणि पुस्तकातली मराठी यांतले अंतर आधी पाहा. आईबाप वीटभट्टीवर गेल्यामुळे शाळा किती बुडाली, ते पाहा. हे न पाहता त्याला अक्षम ठरवणे हाही अन्यायच होईल. उलट, जिथे अडचण खरी आहे, तिथे अक्षमतेच्या प्रमाणपत्राची वाट पाहू नका. तपासणीसाठी मुंबई गाठायची तर पालकाची मजुरी बुडते. त्यांना कागदपत्रांत मदत करा. तोवर तोंडी उत्तर ऐका, धडा वाचून दाखवा, अक्षर उच्चारासह गिरवून घ्या, आणि चुकांनी भरलेली वही वर्गापुढे धरू नका. यासाठी शासनाच्या आदेशाची गरज नाही. हीच मुले पुढे पदवी घ्यायला उभी राहतील, असे तुम्ही शिकवा. त्यासाठी लागणारा धीर देव तुम्हाला देवो.