मुंबई कोणीं बांधिली?

(गांवच्या चावडीपुढें दिलेलें व्याख्यान)



शाळेंत आम्ही मुलांस विचारिलें, "मुंबई कोणीं बांधिली?" सारा वर्ग एका सुरांत म्हणाला, "इंग्रजांनीं!" मुलांचा दोष नाहीं, आम्हींच त्यांस तसें शिकविलें. ती चूक आज तुम्हांपुढें दुरुस्त करावयाची आहे.

मुंबई म्हणजे मूळचीं सात बेटें. तेथें कोळी मासे धरीत, भंडारी ताडी काढीत, कुणबी भात लावीत. १५३४ सालीं गुजरातच्या सुलतानानें तीं पोर्तुगीजांस दिलीं. १६६१ सालीं पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नाच्या करारांत तीं इंग्लंडच्या राजास आंदण मिळालीं. १६६८ सालीं त्यानें तीं वर्षाला दहा पौंड खंडानें कंपनीस दिलीं. बाजारांत बैल हातोहात जावा तशी ही भूमि गेली. राहणाऱ्यांस कोणीं विचारिलें काय?

१८४५ सालीं माहीम व वांद्रें यांमधील खाडीवर बांध झाला. त्यास पैसा देणाऱ्या लेडी जमशेटजी यांचें नांव रस्त्यास आहे, तें योग्यच आहे. पण ज्यांनीं दगड फोडले, मातीच्या पाट्या वाहिल्या, त्यांतील एकाचें तरी नांव कोणास ठाऊक आहे काय?

१८५३ सालीं बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी धावली. १८५६ सालीं ताडदेवास कापडाची गिरणी सुरू झाली. मग रत्नागिरी-साताऱ्याकडील, शेतीवर पोट न भरणारीं माणसें परळ-लालबागच्या चाळींत दाटलीं. कापूस शेतकऱ्याचा, घाम त्याच्याच लेकरांचा, आणि नफा मालकाचा! उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, आठवड्याची सुट्टी नाहीं. 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं मजुरांस एकत्र केलें, तेव्हां १८९० सालीं रविवारची सुट्टी मिळाली. पुढें प्लेगांत रोग्यांची सेवा करतां करतां १८९७ सालीं ते वारले.

१९६० सालीं मुंबई महाराष्ट्राची राजधानी झाली. त्या लढ्यांत शंभरांवर माणसें बळी पडलीं. १९८२ च्या जानेवारींत सुमारें अडीच लक्ष गिरणी कामगार संपावर गेले. संप फसला, हजारोंचें काम कायमचें गेलें. हळूहळू गिरण्याही बंद पडल्या. जेथें धुराडीं होतीं तेथें आज उंच इमारती व मोठीं दुकानें आहेत. २०११ च्या शिरगणतींत शहराची वस्ती सव्वा कोटीच्या घरांत गेली. पण त्यास उभें करणाऱ्यांपैकीं कित्येकांची नातवंडें येथें आपल्यापुढेंच बसलीं आहेत.

बंधूंनो, नुसतें हळहळून काय होणार? गिरणी कामगारांस सरकारी योजनेंत घर मागतांना कामाचा पुरावा दाखवावा लागतो. ज्याच्या म्हाताऱ्यानें कागद चुलींत घातला, तो रिकाम्या हातानें परततो. म्हणून घरीं जाऊन पेटी उघडा. ओळखपत्र, पगाराची पावती, जें असेल तें जपा. आजोबा कोणत्या गिरणींत, कोणत्या खात्यांत, किती वर्षें होते. आजीनें किती जणांची खाणावळ चालविली, तें मुलाकडून वहींत लिहून घ्या. त्या वह्या आम्ही वर्गांत वाचून दाखवूं. मग पुन्हां तोच प्रश्न विचारूं, आणि मुलें आपापल्या आजा-आजीचें नांव सांगतील.